झाकणावरचे नाव



मी काही लेखक नव्हे. वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लेथ मशीनवर माझी हयात गेली. हाताला तेलाची सवय, पेनाची नाही. तरी आज कुटुंबाच्या पानासाठी लिहायला बसलो आहे. यातला प्रत्येक कागद आधी माझ्या पत्नीला वाचून दाखवला आहे. तिने 'असू द्या' म्हटले ते ठेवले, 'हे खरं नाही' म्हटले ते खोडले. कारण हा प्रश्न तिच्या नावाचा आहे, आणि ते नाव डागाळणारा बाहेरचा कोणी नव्हता. मीच होतो.

२०१२ सालची गोष्ट. बजाजनगरात आमच्या दोन खोल्या. थोरली मुलगी नागसेनवनातल्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. रोज सकाळी बस पकडून शहरात जायची. तिने इंग्रजी विषय घेतला होता. आमच्या घराण्यात इंग्रजीतले नाटक वाचणारी ती पहिलीच. परीक्षा जवळ आली की तिची एक पद्धत होती. वाचलेले दुसऱ्याला सांगायचे, म्हणजे डोक्यात पक्के बसते. दुसरे कोण? मी आणि तिची आई. माझी पहिली पाळी असली की संध्याकाळी मी घरी असे. तिची आई शिलाई मशीनवर ब्लाऊज शिवत बसायची, मी भाजी निवडायचो, आणि मुलगी सांगायची.

त्या वर्षी तिला शेक्सपियरचे 'ऑथेल्लो' हे नाटक होते. त्यावर हमखास येणारा प्रश्न म्हणजे, या नाटकात रेप्युटेशनला काय महत्त्व आहे? मुलगी म्हणाली, "पप्पा, याला मराठीत काय म्हणू? अब्रू, इज्जत, पत, की नावलौकिक?"

मी म्हणालो, "आपल्यात नुसतं नाव म्हणतात. नाव कमावलं, नाव घालवलं."

नावाची किंमत मराठवाड्यातल्या माणसाला वेगळी सांगावी लागत नाही. १९७८ साली विधिमंडळात ठराव झाला आणि विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लागायला १९९४ साल उजाडले. त्या एका नावासाठी सोळा वर्षांत किती घरे जळाली, किती जणांनी प्राण दिले, हे आपल्या घरोघर ठाऊक आहे.

हे नाटक तसे मराठीला नवे नाही. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ साली ते मराठीत आणले. पुढे १८९० साली गोविंद बल्लाळ देवलांनी त्याला मराठी वेश चढवून 'झुंझारराव' या नावाने उभे केले. वि. वा. शिरवाडकरांनीही त्याचे भाषांतर केले. तरुण मंडळींनी २००६ सालचा 'ओंकारा' हा हिंदी सिनेमा पाहिला असेल, तोही याच नाटकावरून. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी कथा सांगतो.

ऑथेल्लो हा काळ्या वर्णाचा सेनापती. इटलीतल्या व्हेनिस शहराची मदार त्याच्या तलवारीवर. तुर्कांचे आरमार सायप्रस बेटाकडे निघाले की सगळ्यांना त्याची आठवण होते. ब्राबान्शिओ नावाचा एक बडा माणूस त्याला कौतुकाने घरी बोलावतो, लढायांच्या हकिकती सांगायला लावतो. पण त्याचीच मुलगी डेस्डेमोना ऑथेल्लोशी लग्न करते, तेव्हा हाच बाप ओरडत सुटतो की याने माझ्या मुलीवर जादूटोणा केला. हे ऐकून मला हसू आले आणि चीडही आली. लढायला चालतो, जावई म्हणून चालत नाही! वाचकहो, हा धडा आपल्याला कोणी शिकवायला नको. १८१८ साली कोरेगावच्या लढाईत महार शिपायांनी पराक्रम गाजवला, आणि त्याच शतकाच्या अखेरीस इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. गरज सरली की नाव पुसले जाते.

तर ऑथेल्लोवर आळ आला. राज्याच्या प्रमुखासमोर त्याला उभे केले. त्याने काय म्हणावे? तो म्हणाला, तिलाच बोलवा. तिच्या वडिलांच्या समोर तिला काय सांगायचे ते सांगू द्या. डेस्डेमोना आली आणि सगळ्या बड्या लोकांसमोर तिने सांगितले की हे लग्न मी माझ्या मर्जीने केले आहे. एका बाईच्या साक्षीने त्याचे नाव वाचले.

मुलगी म्हणाली, "पप्पा, हे लक्षात ठेवा. पुढं कामाला येतं."

आता इयागो. हा ऑथेल्लोच्या हाताखालचा माणूस. बढती आपल्याला न देता कॅसिओला दिली, म्हणून मनात डूख धरून बसलेला. पण नाटकभर त्याला लोक काय म्हणतात? प्रामाणिक इयागो! ऑथेल्लो म्हणतो, कॅसिओही म्हणतो. त्याचे नाव चांगले आहे म्हणूनच त्याचे खोटे खपते. बदनाम माणसाने चहाडी केली असती तर ती कोणी कानावर घेतली नसती.

कॅसिओला दारू सोसत नाही. इयागो त्याला आग्रह करकरून पाजतो, भांडण लावून देतो, त्यात एक प्रतिष्ठित माणूस जखमी होतो आणि कॅसिओचे पद जाते. कॅसिओ रडतो तो नाव गेले म्हणून. तेव्हा इयागो त्याची समजूत काढतो की नाव ही पोकळ गोष्ट आहे, ती लायकी नसताना मिळते आणि गुन्हा नसताना जाते. हाच इयागो पुढे ऑथेल्लोला सांगतो की चांगले नाव हा माणसाच्या जिवाचा दागिना आहे, पैसा चोरणारा कचरा चोरतो, पण नाव चोरणारा माणसाला खरोखर कंगाल करतो. एकाच तोंडाने दोन बोल. मी म्हणालो, "म्हणजे यातलं खरं कोणतं?" मुलगी म्हणाली, "आमचे सर म्हणतात, दोन्ही खरं आहे. इयागो खरंच बोलतो, फक्त चुकीच्या माणसाला चुकीच्या वेळी."

मग रुमाल येतो. ऑथेल्लोने डेस्डेमोनाला दिलेली ती पहिली भेट, त्याच्या आईची आठवण. नवऱ्याचे डोके दुखते म्हणून ती तो बांधायला जाते, तो झिडकारतो, आणि रुमाल खाली पडतो. इयागोची बायको एमिलिया तो उचलून नवऱ्याला देते. इयागो तो कॅसिओच्या खोलीत टाकून येतो. आधी इयागोने कान भरलेलेच असतात. आता हाताला पुरावा लागला! ऑथेल्लो बायकोला म्हणतो, रुमाल दाखव. ती बिचारी म्हणते, आत्ता जवळ नाही, पण हरवलेला नाही. तिचे ते चाचरणे हाच त्याला दुसरा पुरावा वाटतो.

इथे माझ्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. शिलाई मशीनचा आवाज थांबला होता. मी वर पाहिले नाही.

आता माझी गोष्ट सांगतो.

१९९६ साल. आमच्या लग्नाला पाच वर्षे झाली होती. बजाजनगरात एका खोलीत भाड्याने राहत होतो. तेव्हा इथे घरे नवी होती, माणसेही नवी होती. कोणी जालन्याचे, कोणी बीडचे, कोणी परभणीचे, कोणी बुलढाण्याचे. गावात माणसाला बापजाद्यांच्या नावाने ओळखतात, आणि आपल्याला तर जातीच्या नावाने. इथे मात्र प्रत्येकाला आपले नाव नव्याने उभे करायचे होते. मी कायम कामगार झालो होतो. गल्लीत लोक 'दादा' म्हणत. जयंतीच्या वर्गणीचा हिशेब माझ्याकडे देत. त्या नावाचा मला मोठा अभिमान होता.

पत्नी एका लहान युनिटमध्ये पॅकिंगला जात होती. सातशे रुपये पगार. मुलीला सांभाळायला माझी आई होती. तिच्याबरोबरच्या दोघी-तिघींना आणि तिला पुढे कायम करणार, असे बोलले जात होते.

माझा एक मित्र होता. त्याचे नाव सांगत नाही, सांगायचे कारणही नाही. सरळ, निर्व्यसनी, सुट्टीत सगळ्यांना पेपर वाचून दाखवणारा. एकदा गेटबाहेरच्या टपरीवर चहा पिताना तो म्हणाला, "मी काही म्हणत नाही दादा, पण वहिनींच्या कंपनीतलं वातावरण चांगलं नाही म्हणतात. जरा ध्यान असू द्या." मी विचारले, "म्हणजे?" तो म्हणाला, "काही नाही हो, सहज." एवढेच. त्याने नाव घेतले नाही, आरोप केला नाही. त्याच्या मनात वाईट होते असेही मला आज वाटत नाही. त्याने फक्त दार किलकिले केले. आत मी माझ्या पायांनी गेलो.

दोन दिवसांनी रात्री पाणी प्यायला उठलो, तर ओट्यावर तिचा जेवणाचा डबा उपडा घातलेला होता. त्याच्या शेजारचे झाकण आमचे नव्हते. आपल्याकडे स्टीलच्या भांड्यांवर नाव कोरून घ्यायची पद्धत आहे. या झाकणावर एका पुरुषाचे नाव कोरलेले होते. मित्राने नाव घेतले नव्हते. नाव मला झाकणाने दिले.

मी ते झाकण माझ्या पत्र्याच्या पेटीखाली सारून ठेवले आणि काही झाले नाही असे दाखवत झोपलो.

सकाळी ती झाकण शोधू लागली. "अहो, इथं एक झाकण होतं, पाहिलं का? दुसऱ्याचं आहे, परत द्यायचंय." मी दाढी करत होतो. म्हणालो, "कसलं झाकण?" ती ओट्याखाली वाकून पाहत होती, पातेल्यांमागे पाहत होती, आणि मी आरशातून तिला पाहत होतो. मनात म्हणत होतो, बघा, किती जीव वर-खाली होतोय! कोणाचे झाकण, हे विचारायला एक वाक्य पुरले असते. ते वाक्य माझ्या तोंडून निघाले नाही. विचारले असते तर उत्तर मिळाले असते, आणि मला उत्तर नको होते. मला रागच हवा होता.

पुढचे आठ दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही. मग एका नातेवाइकाला, फक्त एकाला, 'मन मोकळे करायचे' म्हणून सांगितले. त्याने त्याच्या घरी सांगितले असेल. कसे फिरले ते मला ठाऊक नाही. पण पंधरा दिवसांत सार्वजनिक नळावर तिचा हंडा आला की बायकांचे बोलणे थांबू लागले. ती मला विचारायची, "बाया अशा का वागतात हो माझ्याशी?" मी म्हणायचो, "तुला उगंच वाटतं."

महिन्याच्या शेवटी मी तिला काम सोडायला लावले. कारण सांगितले, मुलीची आबाळ होते. ती दोन दिवस रडली आणि तिने काम सोडले. तिच्याबरोबरच्या दोघी पुढे कायम झाल्या.

त्यानंतर दोन महिन्यांनी, ती दळण आणायला गेलेली असताना, एक म्हातारा माणूस सायकल हातात धरून दारात आला. तोंडात दात नव्हते. म्हणाला, "बाई कामावर येईना झाल्या, बऱ्या हायेत ना? माझं एक झाकण त्यांच्या डब्यासंगं आलं होतं, तेवढं असलं तर द्या." त्याने आपले नाव सांगितले. झाकणावर तेच नाव होते. तो त्यांच्या युनिटचा वॉचमन. दुपारी बायकांच्या पंगतीत बसून जेवायचा आणि बायका त्याचाही डबा आपल्या डब्यांबरोबर धुऊन द्यायच्या. नळावर झाकणांची अदलाबदल झाली होती. बस, एवढेच.

आणि मी त्या म्हाताऱ्याला काय सांगितले? "आमच्याकडं नाही बाबा." पेटीखाली झाकण असताना सांगितले. कारण ते बाहेर काढले असते तर मलाच बाहेर यावे लागले असते.

त्या दिवाळीत एका सकाळी चहा करताना पाहिले, तर ते झाकण आमच्या साखरेच्या डब्यावर घट्ट बसवलेले होते. तिने घर झाडताना पेटी सरकवली होती. ती काही बोलली नाही. मीही बोललो नाही. पुढे सोळा वर्षे ते झाकण साखरेच्या डब्यावरच होते. रोज सकाळी मी ते नाव वाचत होतो.

तर २०१२ सालच्या त्या संध्याकाळी मुलीने पुढची कथा सांगितली. ऑथेल्लो एमिलियाला विचारतो. ती सांगते की माझी मालकीण निष्कलंक आहे. पण तोवर त्याचे कान इतके भरलेले असतात की तिची साक्ष त्याला खोटी वाटते. बायकोला तो नाही नाही ते बोलतो, पण कोणाबरोबर, कधी, कशावरून, हे सांगत नाही. शेवटच्या रात्री, मारायला आल्यावर, तो पहिल्यांदा कॅसिओचे आणि रुमालाचे नाव काढतो. तेव्हा ती म्हणते, त्या माणसालाच बोलवा, त्यालाच विचारा. आपल्यावर आळ आला तेव्हा यानेही हेच मागितले होते, तिला बोलवा, तिला विचारा. त्याला ते मिळाले. तिला मिळाले नाही. तो तिला गळा दाबून मारतो.

मुलीने पुस्तक मिटले आणि म्हणाली, "पप्पा, मला एक कळत नाही. एवढा मोठा सेनापती, त्यानं तिला पहिल्याच दिवशी सरळ विचारलं का नाही?"

मी गप्प. तिची आई मशीनवरून उठली, स्वयंपाकाच्या ओट्याकडे गेली, साखरेच्या डब्याचे ते झाकण काढले आणि माझ्यासमोर ठेवले. म्हणाली, "तुझ्या पप्पांना विचार. त्यांना ठाऊक आहे."

त्या रात्री मी मुलीसमोर सगळे सांगितले. तिच्या आईची माफी मागितली. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "माफी घरात मागता, बोलला होता गल्लीत."

या एका वाक्याने मला जे शिकवले ते कोणत्याही पुस्तकाने शिकवले नव्हते. आपण समजतो की माफी ही दोन माणसांतली गोष्ट. पण नाव दोन माणसांत राहत नाही. शील माणसाच्या आत असते. ते कोणाला चोरता येत नाही. माझ्या पत्नीचे शील माझ्या संशयाने तसूभरही कमी झाले नव्हते. पण नाव लोकांच्या तोंडात राहते. ते तिथून काढून घेतले, तर तिथेच परत ठेवावे लागते.

पुढे मी विचार करत राहिलो की माझ्यासारख्या माणसाने असे का करावे? मी दारू पीत नव्हतो, मारझोड करत नव्हतो. त्याचेही उत्तर त्याच नाटकात सापडले. इयागो ऑथेल्लोला आठवण करून देतो की तिने आपल्या देशाची, आपल्या रंगाची इतकी स्थळे सोडून तुला निवडले, हे काही साधे नाही. आणि ऑथेल्लोच्या मनात येते, मी काळा आहे म्हणून तर नसेल? ज्याला जगाने कमी लेखलेले असते, त्याच्या मनात ती सल कायम असते. आपले नवे नाव कधी हिसकावले जाईल, ही धास्ती असते. मग तो जगाशी भांडत नाही, घरातल्या बाईच्या नावावर पहारा ठेवतो. गावात आम्हाला नाव नव्हते. इथे बजाजनगरात ते मिळाले, आणि त्याच्या काळजीपोटी मी तिचे नाव खर्चून टाकले. ज्या बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजली, त्यांच्या जयंतीचा हिशेब मी ठेवत होतो, आणि घरातल्या बाईचा रोजगार बंद करत होतो.

देवलांचे दुसरे एक नाटक आहे, १९१६ सालचे 'संगीत संशयकल्लोळ'. हे मी नंतर लायब्ररीतून आणून वाचले. त्यातही अशीच एक वस्तू रस्त्यात पडते, अश्विनशेठची तसबीर. ती फाल्गुनरावाच्या बायकोला, कृत्तिकेला सापडते आणि फाल्गुनरावाला संशयाचे भूत लागते. म्हणजे रुमालासारखाच प्रकार. पण ते नाटक पाहून लोक पोट धरधरून हसतात. का? कारण त्यातली माणसे भांडतात, ओरडतात, एकमेकांच्या घरी जाऊन जाब विचारतात, आणि शेवटी समोरासमोर आल्यावर उलगडा होतो. 'झुंझारराव' ज्या हाताने लिहिले त्याच हाताने 'संशयकल्लोळ' लिहिले. संशय दोन्हीकडे आहे. एकीकडे तोंडावर विचारले म्हणून हसू आले, दुसरीकडे मनात ठेवले म्हणून प्रेत पडले. बुद्धांनीही कालामांना हेच सांगितले की केवळ ऐकीव आहे म्हणून विश्वास ठेवू नका.

शेवटी एमिलियाचे सांगतो. रुमाल उचलून देणारी तीच, म्हणजे नकळत तीही दोषी. डेस्डेमोना मरताना विचारले की हे कोणी केले, तर म्हणते, कोणी नाही, मीच. आपल्या कितीतरी आया-बहिणी दवाखान्यात 'पाय घसरून पडले' म्हणून सांगतात, तसेच ते. मरतानाही नवऱ्याचे नाव राखते. पण एमिलियाला सगळे उमगते तेव्हा ती गप्प बसत नाही. तिचा नवरा तिला घरी जा म्हणतो, दम देतो, तलवार उपसतो. ती लोकांसमोर उभी राहून सांगते की रुमाल मीच याला दिला होता, आणि मेलेली बाई निर्दोष होती. इयागो तिला तिथेच मारून टाकतो. पण डेस्डेमोनाचे नाव परत येते. आणि ऑथेल्लो? स्वतःचा जीव घेण्यापूर्वी तो म्हणतो की माझ्याबद्दल लिहाल तेव्हा आहे तसे लिहा. तेव्हाही काळजी स्वतःच्याच नावाची! हे लिहितानाही मला भीती वाटते की कबुली देऊन मी आपलेच नाव उजळतो आहे की काय. तसे वाटल्यास वाचकांनी मला दोष द्यावा.

त्या वर्षी वर्षावासात आमच्या विहारात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू होते. एका संध्याकाळी वाचन संपल्यावर मी दोन मिनिटे मागितली. समोर जुन्या गल्लीतली पाच-सहा घरची माणसे होती. मी उभा राहिलो आणि सांगितले, "१९९६ साली माझ्या पत्नीबद्दल जे बोलले गेले ते मी पसरवले होते. ते खोटे होते. एका झाकणावरून मी ते केले आणि तिची नोकरी घालवली." पाय थरथरत होते. पंचशीलातले चौथे शील मी लहानपणापासून म्हणत आलो, पण त्याचा अर्थ त्या दिवशी कळला. खोटे न बोलणे एवढेच त्यात नाही. आपल्यामुळे पसरलेले खोटे मागे घेणेही त्यात आहे.

कोणी काही बोलले नाही. मग जुन्या नळावरची एक म्हातारी उठून माझ्या पत्नीजवळ गेली, तिचा हात धरला आणि म्हणाली, "मी बी बोलले होते गं बाई तवा."

घरी येताना पत्नी म्हणाली, "आवाज लई बारीक होता तुमचा. मागच्यांना ऐकू गेलं नसेल." म्हणून आता या पानावर लिहितो आहे. मागच्यांनाही ऐकू जावे.

बंधू-भगिनींनो, आज नळावर रांग नाही, पण प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. गल्लीच्या ग्रुपवर कोणाच्या तरी मुलीचा फोटो येतो, खाली दोन शब्द येतात, आणि पाच मिनिटांत ते शंभर घरांत पोहोचते. वाळूजच्या कारखान्यांत आपल्या लेकी-सुना कामाला जातात. कंपनीच्या बसमधून कोण कोणाशेजारी बसली, गेटवर कोण कोणाशी बोलली, याची चर्चा करणारे आजही आहेत. 'मी काही म्हणत नाही, पण' असे म्हणत कोणी सुरुवात केली, तर त्याला तिथेच विचारा, काय म्हणायचे आहे? कोणाबद्दल? पाहिले कोणी? आणि घरात मनात काही आले, तर पहिल्याच दिवशी, पहिल्याच वाक्यात विचारा. झाकण पेटीखाली सारू नका.

आणि माझ्यासारखी चूक झालीच असेल, तर घरात माफी मागून भागत नाही. जिथे बोललात तिथेच जा.

ते झाकण अजून आमच्या साखरेच्या डब्यावर आहे. म्हातारा आता राहिला नाही. मुलगी माहेरी आली की चहा करताना ते हातात घेते, नाव वाचते, आणि तिच्या मुलाला सांगते, "हे एका चांगल्या माणसाचं नाव आहे, बाळा."